आबांनी न मागितलेलं मत

माघ उतरणीला लागला की आमच्या तीर्थपुरीत कडब्याचा वास सुटतो. ज्वारी काढून झालेली असते, पेंढ्या घराघरांपुढं रचलेल्या असतात. आणि त्या साली निवडणूक असली, तर कडब्याच्या वासात ओल्या चुन्याचा वास मिसळतो. पोरं बादल्या आणि कुंचे घेऊन गल्लीत शिरतात. "काकू, भिंत देता का?" भिंत द्यायची म्हणजे तिच्यावर चुना मारून आपल्या पक्षाची निशाणी काढू द्यायची. एकदा ती निघाली की रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही कळतं, या घरात कुणाची माणसं राहतात. आत राहणाऱ्यांना वेगळं विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

परवा माझ्या धाकट्या दिराची बायको हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. लग्न होऊन तिला वर्षसुद्धा झालेलं नाही. सोलता सोलता म्हणाली, "ताई, इथं आपलं कोणतं असतंय?" कुणाला मत द्यायचं, असं तिनं विचारलं नव्हतं. नवी नवरी विचारते ना, तुमच्यात कुलदैवत कोणतं, घट कुठं बसवतात, पुरणात गूळ का साखर, त्याच आवाजात तिनं हे विचारलं. मला आधी हसू आलं. मग घाटे तसेच टाकून मी उगीच चहा ठेवायला आत गेले.

माझं माहेर इथून दोन कोसांवर. गावाच्या मधोमध लिंबाचा पार, आणि पारावर आमचे आबा. आमच्या वडिलांना सगळं गाव आबाच म्हणायचं. सकाळी शेतात एक चक्कर मारून आले की आबा पारावर जायचे, ते जेवायलाच घरी. तिथं त्यांची ठरलेली मंडळी असायची. भाऊरावकाका म्हणजे त्यातले जीवाभावाचे. रेडिओवरच्या बातम्या तिथंच ऐकायच्या, हजामत तिथंच करायची, कुणाच्या पोरीचं कुठं जमवायचं हे तिथंच ठरायचं. निजामाच्या काळात यांच्या बापांनी एकत्र मार खाल्लेला. तेव्हापासून ती सगळी घरं एका पक्षाची. नावं कशाला घ्यायची? आम्ही त्याला जुना पक्ष म्हणू. मला तर लहानपणी वाटायचं, पक्ष म्हणजे पाराचंच दुसरं नाव आहे.

त्या पक्षाला आबांइतक्या शिव्या दुसऱ्या कुणी दिल्या नसतील. रस्ता झाला नाही, शिव्या. विजेचे खांब आले आणि तारा आल्या नाहीत, शिव्या. आमदार तर त्यांच्या मते "बिलकुल बिनकामाचा" होता. आणि मतदानाच्या दिवशी हेच आबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून त्याच निशाणीवर शिक्का मारून यायचे. मी सातवी-आठवीत असेन. एकदा न राहवून विचारलं, "आबा, शिव्या देता आणि मतबी देता?"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मंग काय भाऊरावाला सोडून एकटाच जाऊ?"

तेव्हा मला वाटलं, आबांना माझा प्रश्न कळलाच नाही. आता वाटतं, माझ्यापेक्षा त्यांनाच तो जास्त कळला होता.

माझी सोयरीक जुळवताना काय काय बघितलं म्हणून सांगू! जमीन बघितली, विहिरीला पाणी किती ते बघितलं, मामेकूळ बघितलं, पोराला सुपारीचं व्यसन नाही हेसुद्धा बघितलं. पक्ष कुणी बघितला नाही. सासर निघालं नव्या पक्षाचं. माझ्या सासऱ्यांचं फार वर्षांपूर्वी सोसायटीच्या चेअरमनशी वाजलं होतं, आणि चेअरमन जुन्या पक्षाचा, एवढ्यावरून घर पलीकडं गेलं. आमचे हे तर बाजारगल्लीतल्या पोरांत वाढलेले. ज्यांच्याबरोबर गणपती उचलला, ज्यांच्याबरोबर तालमीत घुमले, त्यांच्याबरोबरच मोर्चात गेले. त्यात विचार किती होता विचाराल तर खरं सांगते, आबांच्यात होता तेवढाच. दोन्हीकडची माणसं आपापल्या पक्षासाठी जीव द्यायला तयार, आणि कुणालाही विचारा, "काहून?" तर म्हणणार, "आपलं पहिल्यापासून तेच हाय."

आमच्या गावात कोण कुणाचं हे कळायला मतमोजणी लागत नव्हती. माणूस कोणत्या हॉटेलात चहा पितो ते बघितलं की पुरे. तांड्यावरची मंडळी एकीकडं, मोहल्ल्यातली एकीकडं, वस्तीवरची त्यांच्या पुढाऱ्यामागं. शेजारी आमच्या कांताभाभी. त्यांच्या आजेसासऱ्यांनी मारवाडातून येऊन कापडाचं दुकान टाकलेलं, घर कोपऱ्यावरचं. त्या हसत म्हणायच्या, "आमच्या घराला दोन भिंती हाये ना रस्त्याकडं. एक याला देतो, एक त्याला देतो. दोघंबी खूश." मी विचारलं, "आणि मत?" तर हळूच म्हणाल्या, "वो तो समाजाची बैठक होते ना बाई, तिथं ठरते. मी काय एकटी ठरवणार?"

मला हे सगळं शिकवलं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. अक्षर ओळखत नव्हत्या, पण नमुन्याची मतपत्रिका चुलीपुढं अंथरून अशा शिकवायच्या की मास्तर लाजावा. "हे बघ, वरून दुसरं आपलं. शिक्का चौकटीत मारायचा. घडी उभी घालायची, आडवी न्हाई, न्हाई तर शाई भलत्यावरच उमटती. आणि बाहेर आलं की कुणी कितीबी गोड बोललं तरी गप गुमान घरी यायचं." मी मान हलवली आणि मनात तोंड वाकडं केलं. आंदणात भांडी आणू दिली, पलंग आणू दिला, तेवढा पक्ष मात्र दाराबाहेर ठेवायला लावला यांनी.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, आणि पारावरच्या मंडळींनी आबांना उभं केलं. आबांना हौस नव्हती. पण भाऊरावकाका म्हणाले, आणि आबा त्यांना नाही म्हणत नसत. गट एकच होता, माहेर आणि सासर दोन्ही त्यात. म्हणजे माझं मत आबांच्या नावापुढं पडू शकत होतं. ही बातमी आली त्या दिवशी घरात कुणी मला काही बोललं नाही. आत्याबाईंनी फक्त जेवताना दोनदा जास्तीची भाकरी वाढली.

मग एका दुपारी आबा प्रचाराला आमच्या गल्लीत आले. मी कापूस वेचून नुकतीच घरी आले होते, ओटीतलं बोंडांचं कुसळ झटकत होते. बाहेर गलका ऐकू आला आणि मी दाराच्या फटीशी गेले. आबा हात जोडून दारोदार चालले होते. इतका वाकलेला माझा बाप मी कधी बघितला नव्हता. पलीकडच्या घरी गेले, त्याच्या शेजारी गेले, समोरच्या शिंप्याकडं गेले. मी पदर नीट केला. काय बोलतील, काय मागतील, मी काय म्हणू, तेच डोक्यात घोळत होतं. आबा आमच्या दारापाशी आले. दाराकडं एकदा बघितलं. आणि पुढं गेले. सरळ कांताभाभींच्या ओट्यावर जाऊन बसले, त्यांच्याकडं पाणी प्यायले, आणि गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले.

सगळ्या गल्लीला हात जोडले, पोटच्या पोरीला सोडून! असा संताप आला म्हणून सांगू. म्हणजे आबांनीसुद्धा मला त्या भिंतीवरच्या निशाणीत मोजलं तर. पोरगी दिली, विषय संपला. मला वाटत होतं, एकदा तरी विचारावं. मी दिलं असतं का, ते पुढचं. पण विचारावं तरी.

मतदान शाळेत होतं. पडद्याआड गेले, कागद उघडला. वरून दुसरी ती सासरची निशाणी. तिच्याखाली चार बोटांवर आबांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. एवढं पूर्ण नाव मी फक्त माझ्या शाळेच्या दाखल्यावर वाचलं होतं. हातात शिक्का होता, शाई ओली होती. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बाई, जल्दी करा." आणि मी वरून दुसऱ्या चौकटीत शिक्का मारला. कुणाच्या धाकानं नाही मारला. आत्याबाई तिथं नव्हत्या, हे नव्हते. रागानं मारला. घडी उभी घातली, शाई कुठंही उमटली नाही.

आबा पडले. माझ्या एका मतानं पडले असं नाही, चांगले आपटले. महिन्याभरानं डहाळ्यांची पेंढी खांद्यावर टाकून आले, लेकीला हरभरा आवडतो म्हणून. दारातच उभे राहून हसत म्हणाले, "पडलो बाई. पण कंबर शाबूत हाय." मी पेंढी घेतली. त्यांच्याकडं नीट बघितलं नाही. त्यांना वाटलं असेल, मला वाईट वाटून राह्यलंय.

त्यानंतरची पाच वर्षं कशी गेली कळलं नाही. दोन लेकरं झाली. मग पुन्हा माघ, पुन्हा चुना, आणि या वेळी आमचा गट बाईसाठी राखीव. बायको कुणाची उभी करायची यावर पक्षाच्या बैठकीत खल झाला, आणि संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी सांगितलं, "उद्या फॉर्म भरायला घनसावंगीला जायचंय. चांगलं लुगडं काढून ठेव." एवढंच. माझी उमेदवारी मला अशी कळली.

पण खोटं कशाला बोलू, चार दिवसांत मला गोडी लागली. जीपमध्ये पुढं बसायचं, गावोगावच्या बाया ओवाळायच्या, माझं नाव भोंग्यातून ऐकू यायचं. आमचे हे मागं बसायचे, आणि लोक आधी मला नमस्कार करायचे. आणि मनात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की होती. माझ्या माहेरी मी जाणार. पारावर जाणार. आबांनी माझं दार टाळलं होतं, मी त्यांचं टाळणार नव्हते. चारचौघांत मागणार होते.

तसं केलंही. सकाळची वेळ होती, पार भरलेला होता. जीप थांबली, भोंगा बंद झाला. सगळी मंडळी बसलेली, भाऊरावकाका आबांना पेपर वाचून दाखवत होते. मी वाकून आबांच्या पायांना हात लावला, माझ्या निशाणीचा कागद त्यांच्या हातात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, मला मत पाहिजे."

भाऊरावकाकांनी पेपरची घडी घातली. ज्यांच्यात चाळीस वर्षं बसले, त्या सगळ्यांच्या देखत आबांच्या हातात मी तो कागद दिला होता. माझ्या मनात तेव्हा काय होतं? लाज वाटते सांगायला, पण बरं वाटत होतं. बघा, असं मागायचं असतं, असं म्हणायचं होतं मला.

आबांनी कागद बघितला. मग म्हणाले, "लेक दारात आली तर मोकळ्या हातानं पाठवत न्हाईत आपल्यात. देतो."

मी निवडून आले. गुलालात न्हाले, जालन्याला जाऊन खुर्चीवर बसले. मतदानाच्या दिवशी आबांनी काय केलं ते मला आईकडून कळलं, तेही बऱ्याच दिवसांनी. शिक्का मारून आबा सरळ पारावर गेले आणि भाऊरावकाकांना म्हणाले, "आज मी आपल्याला दिलं न्हाई. लेकीला दिलं." भाऊरावकाका कळवळून म्हणाले, "अरे, कागद तर घडी घालून पेटीत जातो. कोण बघतंय? सांगितलं कशाला?" आबा म्हणाले, "मी बघितलं ना."

आणि त्या दिवसापासून आबा पारावर गेले नाहीत. त्यांना कुणी हाकललं नाही. भाऊरावकाका दोन वेळा बोलवायला आले. आबा म्हणाले, "तुमच्यात बसून तुमच्या विरोधातलं मत पोटात ठेवू का? मला न्हाई जमायचं." मग भाऊरावकाका यायचे बंद झाले. हजामत घरी होऊ लागली. आई म्हणाली, "दिसभर ओसरीवर बसून राह्यलेत. कुणाशी बोलत न्हाईत." मी म्हणाले, होईल सवय. माझ्या गावातल्या नळाच्या उद्घाटनाची गडबड होती मला.

त्याच उन्हाळ्यात एकदा कांताभाभींच्या ओट्यावर आम्ही शेवया वाळत घातल्या होत्या. बोलता बोलता मी माझी फुशारकी सांगितली. पारावर कशी गेले, चारचौघांत कसं मागितलं. म्हणाले, "आबांना माझ्या दारात यायला जड गेलं. मला न्हाई गेलं."

कांताभाभींनी हातातली शेवई खाली ठेवली. "सुमन, तुला सच्ची माहीत नाही?" म्हणाल्या. "तुझे आबा इथं बसले होते ना त्या दिवशी, मीच पुछलं त्यांना. लेकीच्या घरी नाही गेलात? तर बोलले, बापानं लेकीला द्यायचं असते भाभी, लेकीकडं मागायचं नसते. आणि मी मागितलं तर तिनं काय करायचं? नाही म्हणली तर जन्मभर झुरंल, हो म्हणली तर सासरी मान वर करता यायची नाही. तिला या पेचात मी टाकणार नाही. आणि मला बोलले, हे तिला बिलकुल सांगू नका."

मी त्यांना ज्या पेचात टाकलं, तोच. तंतोतंत तोच. त्यांनी माझ्यासाठी तो पाच वर्षांपूर्वी ओळखला होता आणि दारावरून पुढं निघून गेले होते. मी जीप घेऊन गेले, भोंगा घेऊन गेले, आणि साऱ्या पारादेखत तो त्यांच्या हातात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माहेरी गेले. आबा ओसरीवर सतरंजीवर बसले होते. दाढी वाढली होती. ओसरीवरून पाराचा लिंब दिसत होता, आणि आबा त्याच्याकडं पाठ करून बसले होते. मी ठरवूनच आले होते, सगळं सांगायचं. की मी रागावले होते, की मी तुम्हाला मत दिलं नाही, की तुमच्या नावाच्या वरच्या निशाणीवर शिक्का मारला. पाय धरायचे आणि म्हणायचं, माझ्यासाठी पार सोडू नका, माझी तेवढी लायकी नाही.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही मला मत द्यायला नको व्हतं. पारावरच्यांना दुखवून कशाला दिलं?"

आबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले असतील. आवाज खाली आणून, घरातल्यांनाही ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "मी उभा व्हतो त्या साली तू मला दिलं व्हतंस. तुझं सगळं घर तिकडं, तरी तू चोरून मला दिलंस. मी कधी काढलं न्हाई, तुला तरास नको म्हणून. पण पडलो तवा तेवढंच धरून बसलो व्हतो बाई, की माझी लेक न्हाई पलटली. मंग तू मागितल्यावर मी कसा न्हाई देऊ?"

आबा वाट बघत होते. एवढ्या आशेनं बघत होते की मी म्हणाले, "व्हय, आबा."

त्यानंतर आबा तीन वर्षं होते. मी महिन्यातून एकदा तरी जायची, आणि दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचंच. वाटेत वाक्यं जुळवायची. आबा ओसरीवर एकटेच असायचे. मला बघितलं की सतरंजीवर थोडे बाजूला सरकायचे, मला जागा करायला. एवढी लांबलचक सतरंजी, तिच्यावर दुसरं कुणीच बसलेलं नसायचं, तरी सरकायचे. मी शेजारी बसायची, आणि काही न बोलता संध्याकाळी परत यायची.